मांडणीसकट

ब्राउझर रात्री बंद केला, सकाळी उघडला, पानं सगळी परत आली पण जागेवर आली नाहीत. ही तक्रार दुसऱ्याला पटवणं फार जड जातं. ऐकणारा म्हणतो, "पानं आहेत ना? मग झालं तर!" चवथीच्या आधी देवघर घासूनपुसून काढावं, परक्या कुणीतरी देव परत मांडावेत, एकही देव कमी नसावा, आणि तरी घरातल्या आजीनं दारातूनच विचारावं, "हे कुणी लावलं?" आजीला जे खटकतं ते मोजून सापडत नाही. ब्राउझरच्या बाबतीत मी कायम आजीच्या बाजूची आहे.

माझा धंदा अक्षरजुळणीचा. फोंड्यात बसून देवस्थानांच्या स्मरणिका, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, लग्नपत्रिका हे सगळं जुळवते, आणि ओळखीच्यांचे कॉम्प्युटर बघून देणं त्याच्याबरोबर आपसूक आलं. शाळेत मला मराठी शिकवलेल्या बाई निवृत्त होऊन आता कवळ्याजवळ राहतात. सोळाव्या शतकात जुन्या गावांतून हलवलेले गोव्यातले देव, हा त्यांचा विषय. टिपणं काढतात, जुन्या नोंदी धुंडाळतात, एखाद्या देवळाचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेचे कारभारी, भेटले की त्यांना प्रश्न विचारून दमवतात. भर पावसात एका सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "अगो, माझे देव एकमेकांत मिसळले."

याचा अर्थ मला लगेच कळला, कारण त्यांची कामाची रीत मी पाहिलेली होती. त्या एकेका देवाला ब्राउझरची एकेक खिडकी देतात. म्हाळसेच्या खिडकीत पहिला टॅब वेर्ण्याच्या नकाशाचा, जुन्या देवळाच्या जागेवर आणून थांबवलेला. त्याच्या उजवीकडे 1567 च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या जमीनमहसुलाच्या दप्तरात, सासष्टीतल्या देवळांच्या जमिनींची जी नोंद आहे तिच्यावरचा मजकूर. मग नदीपलीकडचे टॅब, आणि शेवटी म्हार्दोळ. मंगेशाची खिडकी कुठ्ठाळीला सुरू होते, 1560 च्या स्थलांतरावरून जाते आणि प्रियोळला संपते. शांतादुर्गेची केळशीहून कवळ्याला. रामनाथाची लोटलीहून बांदिवड्याला. डावीकडून उजवीकडे टॅब बदलत गेलं की जुवारी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, येणं होतं. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांच्या हुकमाबाहेर. म्हणून लोकांनी देव इकडे आणले. दामोदराचा रस्ता वेगळा, मडगावहून जांबावलीला, म्हणून त्याची खिडकी बाई बाजूला ठेवतात. सप्तकोटेश्वराचीही तशीच. दिवाडीहून नदी ओलांडून तो डिचोलीतल्या नार्व्याला आला, तिथे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि त्याच्याही मागे दिवाडीवरच्या कदंबांच्या काळापर्यंत जायचं तर त्या खिडकीत टॅब लागतात ते सगळ्यांपेक्षा जास्त.

यातली सगळ्यात नाजूक जागा नागेशाची. नागेश कुठून आला नाही, तो मूळचा बांदिवड्याचाच. तिथल्या 1413 च्या शिलालेखात नागेशाबरोबर महालक्ष्मीचाही उल्लेख आहे, आणि बांदिवड्याची महालक्ष्मी कोलव्याहून आली असं परंपरा सांगते. मग शिलालेखातली महालक्ष्मी कोणती, आणि कोलव्याहून आलेली देवी तिच्यात कशी मिसळली? बाई यावर बरेच दिवस अडून आहेत. त्या शिलालेखाचं पान त्यांनी मुद्दाम दोन्ही खिडक्यांत ठेवलंय, नागेशाच्या खिडकीत पहिलं आणि महालक्ष्मीच्या खिडकीत मधोमध. प्रश्न तिथे आहे हे त्यांना त्या दोन जागांवरून दिसतं. घरी आलेल्या एका हौशी पाहुण्यानं मध्यंतरी दुबार टॅब काढून टाकणारं एक्स्टेन्शन घालून दिलं होतं. त्यानं अर्थातच त्यातला एक टॅब काढून टाकला. पान गेलं नव्हतं, प्रश्न गेला होता.

म्हणून "पानं आहेत ना?" हे वाक्य मला सहन होत नाही. बुकमार्कला पत्ता कळतो, शेजार कळत नाही. ज्याचं काम वाचून, ताडून, एकाशेजारी एक ठेवून पाहण्याचं आहे त्याचा अर्धा विचार क्रमात असतो आणि तो त्यानं अजून कुठेही लिहून ठेवलेला नसतो. तो क्रम ब्राउझर सांभाळतो. सांभाळावा अशी अपेक्षा धरण्यात गैर काहीच नाही.

फोनवर मी बाईंना एकच सांगितलं, "बाई, आता काही बंद करू नका आणि काही उघडू नका. मी येते." हे मी सगळ्यांनाच सांगते, कारण बिघाड दिसला की पहिली ऊर्मी असते ती बंद करून पुन्हा चालू करायची. बाकी यंत्रांना ती लागू पडत असेल, इथे ती घात करते. कसं, ते समजायला ब्राउझर आठवण कुठे ठेवतो ते बघावं लागतं.

बाई फायरफॉक्स वापरतात. 2006 मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मागचं सेशन, म्हणजे उघड्या खिडक्यांची आणि टॅबची मांडणी, परत उभं करण्याची सोय त्याच्यात अंगचीच आहे. प्रत्येक वापरणाऱ्याचा एक प्रोफाइल फोल्डर असतो. पत्त्याच्या पट्टीत 'अबाऊट:सपोर्ट' लिहिलं की जे पान उघडतं त्यावरून तिथे पोचता येतं. ब्राउझर नीट बंद झाला की त्या फोल्डरात 'सेशनस्टोअर' नावाची फाइल पडते. तिच्यात सगळ्या खिडक्या, सगळे टॅब. ब्राउझर चालू असताना ती फाइल तिथे नसते. तेव्हा 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' या आतल्या फोल्डरात 'रिकव्हरी' नावाची फाइल चालू सेशनची नोंद ठेवत असते, आणि तिच्याच शेजारी तिची आधीची प्रत. तिसरी फाइल 'प्रीव्हियस'. आजच्या आधीचं, नीट बंद झालेलं सेशन तिच्यात असतं. ब्राउझर उघडला की कालची 'सेशनस्टोअर' जाऊन 'प्रीव्हियस' होते आणि परवाची पुसली जाते. आता लक्षात येईल. काल रात्री सगळं ठीक होतं आणि आज सकाळी बिघडलं, तर कालची रात्र 'प्रीव्हियस'मध्ये शाबूत आहे. घाबरून एकदा बंद करून उघडलंत, की बिघडलेली सकाळच 'प्रीव्हियस' होऊन बसते.

कवळ्याला पोचले तेव्हा बाई वसरीत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, हात मांडीवर, माऊसला स्पर्श नाही. शाळेत आम्हाला असं बसायला लावायच्या.

आधी पूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग फायलींच्या तारखा आणि आकार बघितले. 'प्रीव्हियस'वर आदल्या रात्रीची वेळ होती, म्हणजे बाई झोपायच्या आधीची. आकारानं ती चालू 'रिकव्हरी'च्या जवळपासच, पण सारखी नाही. या फायली साध्या झिप उघडणाऱ्या साधनानं उघडत नाहीत. आत दाबलेला मजकूर असतो आणि त्याच्या डोक्यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं बारकं शीर्षक असतं, ते काढूनच उलगडावं लागतं. त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट मी लॅपटॉपवर ठेवलेली आहे. सरळ बदलून टाकण्याआधी आत काय आहे ते डोळ्यांनी बघावं, ही माझी सवय.

उलगडलेली फाइल ज्यानं कधी पाहिली नसेल त्यानं एकदा जरूर पाहावी. खिडक्यांची यादी. प्रत्येक खिडकीची रुंदी, उंची, पडद्यावर डावीकडून किती आणि वरून किती, कोणती खिडकी कोणाच्या पुढे. प्रत्येक खिडकीत टॅब आपल्या क्रमानं. प्रत्येक टॅबमध्ये नुसता आत्ताचा पत्ता नसतो, त्या टॅबमध्ये आपण कुठून कुठे आलो त्याची ओळीनं नोंद असते, आणि एक आकडा सांगतो की त्या वाटेवर आत्ता आपण कितव्या पायरीवर आहोत. सप्तकोटेश्वराच्या खिडकीतल्या एका टॅबची वाट दिवाडी बेटाच्या माहितीवरून निघून कदंबांच्या नाण्यांवर गेलेली, तिथून नार्व्याच्या देवळाकडे आलेली, आणि बाई परत एक पायरी मागे नाण्यांवर येऊन थांबलेल्या. खाली 'स्क्रोल' म्हणून दोन आकडे. पान किती खाली सरकवलं होतं त्याचे. म्हणजे त्या कोणत्या परिच्छेदापाशी थांबल्या होत्या तेसुद्धा त्यात होतं. कदंबांच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराचं नाव येतं, त्यांचा तो कुलस्वामी. बाई तिथे का थांबल्या असतील हे मला फाइल वाचूनच कळलं. मी त्यांना विचारलं, "काल नाण्यांवर होता का तुम्ही?" "हो," त्या म्हणाल्या, "आणि झोप आली."

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणूस एखाद्या विषयात कसा फिरला याची इतकी बारीक नोंद आपण स्वतः कधी ठेवत नाही. ती एका फाइलमध्ये मुकाट्यानं पडलेली असते आणि आपण तिला "जुने टॅब" म्हणून फेकून देतो.

देव मिसळले ते कसे, हेही फाइलींची तुलना करून उघड झालं. ब्राउझर उघडल्यावर आपोआप मागच्या खिडक्या आणायची निवड सेटिंग्जमध्ये बंद होती. त्यामुळे सकाळी कोरी खिडकी यायची. बाई आधी मेल बघायच्या, कुणी पाठवलेल्या एकदोन लिंका उघडायच्या, आणि मग 'हिस्टरी'च्या मेनूतून मागचं सेशन परत मागवायच्या. असं हातानं मागवलं की फायरफॉक्स समोरची खिडकी टाकून देत नाही. तिच्यात आधी उघडलेले टॅब तो जपतो आणि जुन्या सेशनमधल्या एका खिडकीचे टॅब त्यांच्या बरोबरीनं तिच्यातच आणून बसवतो. त्या दिवशी उघडलेल्या लिंका नेमक्या शांतादुर्गेवरच्या होत्या आणि त्या रामनाथाच्या खिडकीत जाऊन बसल्या. यात ब्राउझरची चूक नाही. समोर उघडं असलेलं काही तो गमावू देत नाही, हे बरंच आहे. फक्त त्याला कुठली खिडकी कोणाची हे माहीत असण्याचं कारण नाही. 'मागच्या खिडक्या आणि टॅब उघडा' ही निवड चालू केली की हा प्रसंगच येत नाही, कारण मग कोरी खिडकी मध्ये येतच नाही.

ती निवड चालू केली, फायरफॉक्स मेनूतून बंद केला, बिघडलेली 'सेशनस्टोअर' बाजूला काढली, आणि 'प्रीव्हियस'ची प्रत तिच्या जागी ठेवून तिचं नाव 'सेशनस्टोअर' केलं. उघडला. खिडक्या एकामागून एक आल्या. बाईंनी वेर्ण्यापासून म्हार्दोळपर्यंत एकेक टॅब तपासला आणि म्हणाल्या, "हं."

पण हे एकदाच झालं असं नव्हतं. कधी एकच खिडकी परत येते, बाकीच्या गायब, असंही त्या म्हणत होत्या. आणि कधी गेल्या आठवड्याच्या खिडक्या समोर येतात. लोक अशा वेळी सगळं एकाच कारणाच्या गळ्यात घालतात आणि मग एक इलाज करून बाकीचं तसंच राहिलं की म्हणतात, ब्राउझरच बेभरवशाचा. मला वाटतं बिघाड शोधण्यातलं अर्धं काम तक्रार सुटी करण्याचं आहे. "कधी कधी असं होतं" म्हणणाऱ्याला विचारावं, त्या आधी हातानं काय केलं होतं? उत्तर जवळजवळ नेहमी मिळतं.

एकच खिडकी येण्याचं उत्तर असं. बाई एका देवाचं काम त्या दिवसापुरतं संपलं की ती खिडकी कोपऱ्यातल्या फुलीनं बंद करतात आणि दुसरीत काम चालू ठेवतात. शिस्तीचा माणूस हेच करील. पण ब्राउझरच्या हिशेबी, एक खिडकी बंद करून तुम्ही दुसऱ्या खिडकीत काम करत राहिलात तर ती पहिली तुम्हाला नको होती. तो तिला 'नुकत्याच बंद केलेल्या खिडक्यां'च्या यादीत टाकतो, आणि दिवसअखेर जी खिडकी शेवटपर्यंत उघडी होती तेवढीच सेशन म्हणून लक्षात ठेवतो. आज संपवणं आणि कायमचं संपवणं या दोन गोष्टींसाठी फुली एकच आहे. माझ्या मते ब्राउझर बनवणाऱ्यांनी हा फरक खूप आधी करायला हवा होता, कारण तो माणसांच्या कामात खरोखर असतो. तोवर उपाय एवढाच: खिडकी तूर्त नको असेल तर मिनिमाइझ करून खालच्या पट्टीवर घालावी, फुली मारू नये. आणि सगळं आवरताना मेनूतलं बाहेर पडण्याचं कलम वापरावं, विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-क्यू. चुकून फुली मारलीच तर कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं की फायरफॉक्स बंद केलेली खिडकी परत देतो. क्रोममध्ये हीच कळ गुप्त खिडकी उघडते. तिथे कंट्रोल-शिफ्ट-टी दाबायची.

गेल्या आठवड्याच्या खिडक्यांचं कोडं मात्र मला थोडा वेळ पुरलं. फाइलींत काहीच बिघाड नव्हता, तारखा सरळ होत्या. मग बाईंना म्हटलं, उघडून दाखवा. त्यांनी डेस्कटॉपवरच्या चिन्हावर टिचकी मारली. "रोज इथूनच?" "नाही, कधी खालच्या पट्टीवरून." खालच्या पट्टीवरचं चिन्ह दुसऱ्याच फायरफॉक्सचं निघालं. कॉम्प्युटरवर तो दोनदा बसवलेला होता. 2019 मध्ये आलेल्या सदुसष्टाव्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक बसवणीला वेगळा प्रोफाइल देतो. म्हणजे एकाच घरात दोन फायरफॉक्स नांदत होते, दोघांच्या आठवणी वेगळ्या, आणि बाई न कळत आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. 'अबाऊट:प्रोफाइल्स' उघडल्यावर दोन्ही नावं खाली-वर दिसली. यात गमावलेलं काहीच नसतं, हे अशा वेळी आधी सांगायला हवं, कारण माणूस घाबरलेला असतो. दुसऱ्या प्रोफाइलात म्हाळसेच्या खिडकीत दोन टॅब जास्तीचे निघाले, ते बाई बरेच दिवस शोधत होत्या. ते इकडे आणून दुसरं चिन्ह काढून टाकलं.

एक खिडकी तरीही दिसेना. खालच्या पट्टीवर तिचं नाव, पडद्यावर ती नाही. बाईंचा मुलगा सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं जुने नकाशे मोठे दिसावेत म्हणून कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला होता. टीव्ही बंद, पण केबल तशीच लावलेली. विंडोजच्या लेखी दुसरा पडदा अजून आहे, आणि ती खिडकी इमानानं तिथे उभी. विंडोजची कळ, शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबला की खिडकी या पडद्यावरून त्या पडद्यावर उडी मारते. आली. जाता जाता, माझ्या स्वतःच्या लिनक्सवर याच्या उलट त्रास आहे. वेलँड नावाची जी नवी पद्धत आहे तिच्यात कुठल्याही प्रोग्रामला स्वतःची खिडकी पडद्यावर कुठे ठेवायची हे ठरवताच येत नाही. फायरफॉक्स जागेचे आकडे लिहून ठेवतो, पण वापरू शकत नाही. खिडक्या सगळ्या येतात आणि वाटेल तिथे उभ्या राहतात. सुरक्षेच्या दृष्टीनं त्यामागे विचार आहे हे मान्य, तरी मला ते आवडलेलं नाही.

राहता राहिला पाऊस. आमच्याकडे जून-जुलैत लाइट जाते, येते, परत जाते. बाईंना वाटायचं की लाइट गेली की दिवसाचं काम गेलं. तसं नसतं. फायरफॉक्स चालू असताना साधारण 15 सेकंदांनी सेशन लिहून ठेवतो, आणि लिहिताना आधी तात्पुरती फाइल पूर्ण करून मग ती जुनीच्या जागी आणतो, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी अर्धवट लिहिलेली फाइल हाती येण्याची भीती फार नाही. धोका आहे तो दुसऱ्यांदा जाण्यात. ब्राउझर सेशन उभं करत असतानाच परत लाइट गेली तर पुढच्या खेपेला तो आपणहून खिडक्या आणत नाही. त्याला शंका येते की या पानांपैकीच एखादं त्याला पाडतंय. मग एक पान समोर येतं, त्यावर खिडक्यांची आणि टॅबची यादी, पुढे चौकटी, आणि खाली दोन बटणं: सेशन परत आणा, किंवा नवीन सुरू करा. घाईत लोक दुसरं दाबतात. पुष्कळांच्या "सगळं गेलं"ची सुरुवात त्या बटणापाशी असते. बाईंना मी ते पान मुद्दाम उघडून दाखवलं, 'अबाऊट:सेशनरिस्टोअर' असं पट्टीत लिहून, म्हणजे पुढे कधी आलं तर ओळखीचं वाटेल. खिडक्या परत आल्यावर टॅब रिकामे दिसले तरी बिचकायचं नाही, हेही सांगितलं. 2012 पासून फायरफॉक्स त्या टॅबवर जाईपर्यंत पान आणतच नाही.

क्रोमवाल्यांनी वाचताना हिरमुसू नये. तिथेही प्रोफाइलात 'सेशन्स' नावाचा फोल्डर असतो आणि सेटिंग्जमध्ये सोडलं तिथून पुढे सुरू करायची निवड असते. फक्त त्या फायली हातानं वाचण्यासारख्या नसतात, म्हणून तिथे प्रत आधी घेऊन ठेवणं आणखी गरजेचं. आणि फायरफॉक्समध्ये बंद करताना इतिहास पुसण्याची सोय चालू असेल तर खिडक्या परत येण्याची आशा सोडावी. उघडे टॅब हासुद्धा इतिहासच.

बाईंना कुणी कुणी सुचवलं होतं की टॅबचे गट करा. 2025 पासून फायरफॉक्समध्येही ती सोय आली आहे, नाव देता येतं, रंग देता येतो, गट बंद केला तरी जपला जातो. चांगली सोय आहे आणि मी स्वतः वापरते. बाईंनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाल्या. त्यांना वेर्णे आणि म्हार्दोळ एकाच वेळी बघायचे असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. वेर्ण्याच्या जुन्या जागी म्हाळसेचं देऊळ अलीकडच्या काळात पुन्हा उभं राहिलंय, त्यामुळे "इकडून तिकडे गेली" एवढंच लिहून आता भागत नाही, दोन्ही जागा जित्या आहेत. गटात एका वेळी एकच पान समोर राहतं. मला त्यांचं म्हणणं पटलं. सोय नवी आहे म्हणून चाललेलं काम तिच्या मापानं कापायचं नसतं. त्याऐवजी दर आठवड्याला प्रत्येक खिडकीत कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून सगळे टॅब एका फोल्डरात बुकमार्क करायचे, फोल्डराला देवाचं नाव आणि तारीख, एवढं ठरलं. त्यात क्रम राहतो. खिडकीची जागा आणि वाचत आणलेली ओळ राहत नाही, पण घर बुडालं तर निदान तेवढं हाती लागेल.

आता मुलगा त्यांना नवा लॅपटॉप देणार आहे. त्याचं म्हणणं, फायरफॉक्सचं खातं उघडून सिंक केलं की झालं. सिंकनं बुकमार्क येतील, पासवर्ड येतील, या कॉम्प्युटरवर कोणते टॅब उघडे आहेत त्याची यादीही तिकडे दिसेल. खिडक्या येणार नाहीत. त्यासाठी इथला फायरफॉक्स नीट बंद करून आख्खा प्रोफाइल फोल्डर उचलून तिकडे न्यायचा, आणि तिकडच्या 'अबाऊट:प्रोफाइल्स'मध्ये तोच मुख्य म्हणून नेमायचा. तिकडचा फायरफॉक्स इथल्यापेक्षा जुन्या आवृत्तीचा नाही ना, हे आधी बघायचं, कारण नवा प्रोफाइल जुन्या आवृत्तीत घालायला तो तयार होत नाही. चवथीचे दिवस संपले की करू असं ठरलंय, त्याआधी कवळ्यात कुणाला सवड नाही. बाईंची काळजी वेगळीच होती. नव्या लॅपटॉपचा पडदा लहान, तर वेर्णे आणि म्हार्दोळ शेजारी शेजारी मावतील का? मावतील, दोघांनाही थोडं अरुंद व्हावं लागेल. नाहीच जमलं तर जुना मॉनिटर त्याला जोडून देते म्हणाले, आणि यावेळी केबल कुठली लावली, कुठली काढली ते मी स्वतः बघेन.